चार बोटांची फट

राव सारनी फळ्यांच्या भिंतीखाली चार बोटं फट सोडली होती. ती मी सिमेंटने बुजवली.

ते तेव्हा हॉस्पिटलात होते. मला कोणी बुजवायला सांगितलं नव्हतं. काम मात्र इतकं सुबक झालं की एखादा गवंडी रस्त्याने जाता जाता थांबला असता. माझ्याकडे सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी आहे. ती हातात पडल्यापासून मी चेन्नईजवळ सिरुसेरीला एका कंपनीत संगणकासमोर बसतो, आणि एवढ्या वर्षांत स्वतःच्या हाताने सिमेंट कालवण्याची ती माझी पहिलीच वेळ. पदवी वाया गेली, असं माझे वडील शेवटपर्यंत म्हणत. ती पुरती वाया गेली असती तर बरं झालं असतं.

राव हे काही त्यांचं नाव नव्हे. तंजावरकडच्या मराठी माणसाला इथे सगळे सरसकट रावच म्हणतात, आणि सार म्हणजे आपलं सर. पोस्टमन, दूधवाला, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, सगळ्यांचे ते राव सार. आदंबाक्कमच्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली ते, वर भाडेकरू म्हणून आम्ही दोघं, मागे चिकूचं झाड, विहीर, आणि विहिरीपलीकडे विटांची एक खोली. गल्लीत तिला आउटहाउस म्हणत. तिथे त्यांची थोरली बहीण राहायची. अक्का.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, आम्ही काय खातो ते विचारलं नाही. एकच विचारलं, "घरांत मोठ्यानें बोलतां काय?"

बायको म्हणाली, "हे बोलतात. पण त्यांचं कोणी ऐकत नाही."

"सरी," म्हणाले, आणि किल्ली दिली.

त्यांचं मराठी हे असं. शब्द दोनशे वर्षांपूर्वीचे, चाल तमिळ. सांबाराला आंबट वरण म्हणायचे आणि ठीक आहेला सरी. पहिले काही महिने मला वाटायचं की ते माझी थट्टा करतात. नंतर कळलं, की त्यांना माझं मराठी ऐकून तसंच वाटायचं.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, त्याचा ठसा उमटला की त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड निवताना आटतं, म्हणून नमुना आधीच थोडा मोठा करावा लागतो, त्याला अलवन्स म्हणतात. किती मोठा, याचा हिशेब रोज कोण करत बसणार? म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर फूट म्हणून जो लिहिलेला असतो तो आपल्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा. राव सारनी ती पट्टी चाळीस वर्षं वापरली, आणि निवृत्त होताना घरी आणली. पुढे घरातलं सगळं तिनेच मोजायचे. म्हणजे गल्लीतल्या सगळ्या माणसांचा फूट एक, आणि यांचा फूट त्याहून एक सूत जास्त.

माणूसही तसाच झाला होता. शर्ट ढगळ. कॉफीचा पेला कधी काठापर्यंत भरायचा नाही. लग्नाला जायचे ते तासभर आधी, आणि मांडव घालणाऱ्यांशी गप्पा मारत बसायचे. "आटतें हो सगळें," म्हणायचे. "अलवन्स ठेवावा."

दुसरं त्यांचं वाक्य होतं, "हें असेंही होतें." हे माझ्यासाठी राखीव असावं, कारण मला ते फार ऐकावं लागलं. एकदा अक्कांच्या खिडकीची काच फुटली. मी म्हटलं, मी आणतो, इंजिनिअर कशाला आहे. त्यांचीच पट्टी उचलली, खिडकी मोजली, दोन फूट बाय दीड फूट असं कागदावर लिहिलं आणि काचवाल्याला दिलं. काचवाल्याने आपल्या टेपने कापून दिली. घरी आणून चौकटीत बसवली तर ती सरळ आतून बाहेर गेली आणि विहिरीच्या कट्ट्यावर पडली. दोन फुटांत पाव इंच कमी. राव सार तुकड्यांकडे बघत उभे राहिले.

"हें असेंही होतें," म्हणाले, आणि केरसुणी आणायला गेले.

अक्का त्या खोलीत का राहतात हे मी कधी विचारलं नाही, आणि राव सारनी एकदाच सांगितलं, रंधा मारता मारता. बाविसाव्या वर्षी त्या सासरहून परत आल्या. कुंभकोणमहून एकट्या, बसने, अंगावरच्या साडीनिशी. तिथे काय झालं ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही. तेव्हापासून दोन दारं असलेल्या घरात त्यांना झोप लागायची नाही. एक दार हवं, आणि त्या दाराकडे तोंड करून बसता यायला हवं. आउटहाउसला एकच दार होतं. वडिलांनी तिथली लाकडं-गोवऱ्या काढून खोली चुन्याने रंगवून दिली, आणि अक्का पन्नास वर्षं तिथेच राहिल्या. पुरुषांपैकी फक्त भाऊ आत जाऊ शकायचा. आम्ही आल्यावर माझ्या बायकोला परवानगी मिळाली. मला नाही. सहा वर्षांत त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मी विहिरीपाशी दिसलो की दार लोटलं जायचं.

खोलीची अडचण म्हणजे पश्चिमेची भिंत. चेन्नईत मे महिन्यात तीन-साडेतीन आठवडे असं ऊन पडतं की त्याला कत्तिरी, म्हणजे कात्री, असं नाव आहे. दुपारी दोननंतर ते ऊन त्या भिंतीवर यायचं आणि भिंत भाकरीच्या तव्यासारखी तापायची. आदल्या वर्षी अक्का आत बेशुद्ध सापडल्या. हॉस्पिटलात तीन दिवस सलाइन, आणि तीनही दिवस त्यांना पलंगाला बांधून ठेवावं लागलं, कारण वॉर्डाला चार दारं होती. एसी बसवून झाला होता. त्याची घरघर सुरू झाली तशी अक्कांनी वायर उपटली. पंखाही चालायचा नाही.

"पुढची कत्तिरी ती काढणार नाहीं," राव सार म्हणाले. "आणि पुन्हा बांधलेली मी पाहणार नाहीं."

म्हणून त्यांनी भिंतीवर लाकडाची भिंत चढवायची ठरवली.

त्यांची फाउंड्री बंद पडली तेव्हा पॅटर्न ठेवायच्या मांडण्या भंगारात निघाल्या होत्या. जुना सागवान. त्या फळ्या त्यांनी कधीच आणून माळ्यावर रचल्या होत्या. काहींवर अजून लाल रंगाचे ओघळ होते, नमुन्यांचे नंबर होते. जानेवारीत पोंगल झाल्यावर दर रविवारी आम्ही काम सुरू केलं. आम्ही म्हणजे ते. मी धरायचो.

आधी विटांच्या भिंतीवर उभ्या रिपा, हातभर अंतरावर. त्यावर आडव्या फळ्या, तळापासून वर, प्रत्येक वरची फळी खालचीवर दोन बोटं चढवून. फळी आणि वीट यांच्यात रिपेच्या जाडीएवढी पोकळी. फळीला खिळा फक्त खालच्या अंगाला.

"वरती का नाही?" मी विचारलं.

"ती हालते. हालूं द्यावी."

हे मला पटलं नाही. हलणारी वस्तू मला आवडत नाही. ते पाणी प्यायला गेले तेव्हा मी एका फळीला वरूनही चार खिळे ठोकले, चांगले तीन इंची. पंधरा दिवसांनी भर दुपारी ती फळी बंदूक उडावी तशी उभी फुटली. आत अक्का किंचाळल्या. त्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही, संध्याकाळी भावालाही नाही. राव सार दाराबाहेर उकिडवे बसून तास दीड तास बोलत राहिले. मी वरच्या गॅलरीत उभा राहून ऐकत होतो, म्हणजे माझ्या चार खिळ्यांची किंमत ऐकत होतो. वर आले ते फक्त खिळे उपटायला पक्कड मागायला.

"हें असेंही होतें," म्हणाले. पण नेहमीपेक्षा हळू.

तेव्हाच त्यांना जिना चढताना थांबावं लागत होतं. लाकडाचा भुसा आणि फाउंड्रीची धूळ, चाळीस वर्षं. फेब्रुवारीत मी त्यांना तपासायला घेऊन गेलो. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर मजेदार काही ऐकल्यासारखा भाव होता.

"डॉक्टर म्हणतो, लंग्ज आटत आहेत."

मी त्यांच्या हातातली फाइल घेतली.

"मी विचारलें, फुटास किती सूत? त्याला सांगतां येईना. मुलगा हुशार आहे, पण पट्टी ठेवत नाहीं."

एप्रिलच्या सुरुवातीला भिंत पुरी झाली. वरच्या अंगाला छपराखाली फट, तिला जाळी. खालच्या अंगाला जमिनीपासून चार बोटं मोकळी, तिलाही आतून जाळी. अळशीच्या तेलाचा हात मारल्यावर ती भिंत इतकी देखणी दिसायला लागली की इस्त्रीवाला मुद्दाम बघायला आला. अक्कांच्या दाराशी आत एक थर्मामीटर टांगला होता. रोज चार वाजता बायको चहा घेऊन गेली की आकडा बघायची आणि चौकटीवर खडूने लिहायची. आदल्या वर्षी तिथे बेचाळीस लागलेला राव सारना पाठ होता. आता पस्तीसच्या वर जात नव्हता. राव सार आकडा वाचून मान डोलवायचे, आणि अर्धा पेला कॉफी प्यायचे.

एप्रिलच्या शेवटी त्यांना ऑक्सिजन लागला. हॉस्पिटलात नेताना गाडीत म्हणाले, "रोज आकडा मला येऊन सांगा. आणि भिंतीला कांहीं करूं नका. झालें आहे तें."

झालें आहे तें. हे मी ऐकलं. माझ्या कानांत काही दोष नाही.

चार-पाच दिवसांनी बायको चहाची कपबशी घेऊन खोलीतून परत आली ती अस्वस्थ. "अक्का म्हणतात, भिंतीमागे कोणीतरी बसलंय. श्वास घेतंय."

दुपारी मी स्वतः कान लावला. खरंच होतं. ऊन भिंतीवर आलं की फळ्या टिकटिक करायच्या आणि त्यांच्यामागून हवा वर जाताना बारीक सुस्कारा निघायचा. आत एकट्या बसलेल्या, दाराकडे तोंड केलेल्या बाईला पाठीमागे तो ऐकू येत होता. भाऊ घरी होता तोवर तो रोज दुपारी भिंतीबाहेर तिथेच खुर्ची टाकून बसायचा, म्हणून तिने काही म्हटलं नव्हतं.

"सरांना विचारा," बायको म्हणाली.

"आजारी माणसाला फटीबद्दल काय विचारायचं? उंदीरसुद्धा शिरतील तिथून. अर्धवटच राहिलंय ते."

रविवारी सकाळी मी सिमेंट आणलं. कॉलेजातलं सिमेंट-वाळूचं एकास तीन एवढं प्रमाण आठवत होतं, तेवढंच कालवलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार बोटं फट भरून काढली, वर थापीने घोटली, पाणी मारलं. त्या दुपारी सुस्कारा बंद. अक्का शांत. जेवताना बायकोने मला न मागता तूप वाढलं, आमच्या घरात हे पदक समजावं.

मग कत्तिरी लागली. चौकटीवर सदतीस आलं. मग अडतीस. मी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून हॉस्पिटलात जायचो आणि आकडा सांगायचो, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. ते डोळे मिटून ऐकायचे. ज्या दिवशी एकोणचाळीस सांगितला त्या दिवशी डोळे उघडले.

"बाहेर किती?"

"बाहेर काही फरक नाही. गेल्या आठवड्याएवढंच."

"अक्का जेवते?"

"दोन दिवस ताट तसंच परत येतंय. ओलं लुगडं अंगावर घेऊन जमिनीवर पडून असतात, ही म्हणते. उन्हाळाच असा आहे, सर."

ते छताकडे बघत राहिले. ओठ हलत होते, मला वाटलं देवाचं नाव. ते हिशेब करत होते. मग मास्क काढून म्हणाले, "खालची फट मिटली काय?"

मी सांगितलं. उंदरांचं सांगितलं, अक्का घाबरल्याचं सांगितलं, एकास तीनही सांगितलं. बोलता बोलता मला पहिल्यांदा कळायला लागलं. गरम हवा वरून निघून जाते ती खालून गार हवा आत येते म्हणून. खालचं तोंड बंद केलं की ती पोकळी म्हणजे भिंतीला पांघरलेली गरम गोधडी. हे दुसऱ्या वर्षाला होतं. मला त्यात चांगले मार्क होते.

मी "हें असेंही होतें"ची वाट पाहिली. ते म्हणाले, "गाडी आणा."

डॉक्टर नाही म्हणाला. त्यांनी कागदावर सही केली. रात्रीपुरतं अक्कांना विहिरीच्या कट्ट्यावर, दार दिसेल असं, बायको कशीबशी घेऊन बसली, आणि सकाळी उजाडताच अक्का आत गेल्या, राव सार भिंतीपाशी पाटावर बसले. हातात छिन्नी-हातोडी, नाकात नळी. मी म्हटलं, मी फोडतो. म्हटलं, गवंडी बोलावतो.

"दुसऱ्याचा ठोका तिला कळतो," ते म्हणाले. "तुम्ही हें धरा."

हें म्हणजे ऑक्सिजनचं नळकांडं. मी ते धरून बसलो. एक इंजिनिअर नळकांडं धरून बसलेला आणि ज्याला श्वास पुरत नाही तो म्हातारा त्याचं सिमेंट फोडतोय, असं ते दृश्य. चार ठोके मारायचे, थांबायचे, आणि भिंतीला तोंड लावून सांगायचे, "अक्का, मीच." पुन्हा चार ठोके. "अक्का, मीच." एकास तीन फार पक्कं असतं. एवढी एक गोष्ट मी आयुष्यात बरोबर केली होती. दोन सकाळी लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन आलं आणि फळ्यांमागून तो सुस्कारा पुन्हा सुरू झाला. आतून आवाज आला, "कोण तें?"

राव सार खुर्चीत मागे रेलले होते. चेहरा राखेसारखा. "मीच. मागें बसलोंय."

"श्वास मोठा घेतोस."

"वय झालें."

आत ताट ओढल्याचा आवाज आला.

त्या दिवशी सदतीस, दुसऱ्या दिवशी छत्तीस, मग पस्तीस. नवव्या दुपारी मी फोनवर होतो, बायको चहा घेऊन गेली होती, आणि ते त्या खुर्चीतच गेले. तिने आधी आकडा लिहिला, मग त्यांच्याकडे बघितलं. पस्तीस.

डॉक्टर म्हणाला, तसाही महिनाच होता. सगळे मला तेच सांगतात. महिना म्हणजे किती, हे कोणाच्या पट्टीने मोजायचं यावर आहे.

अक्का अंत्ययात्रेला बाहेर आल्या नाहीत. "कोणाला नेतात?" त्यांनी बायकोला विचारलं. तिने सांगितलं. त्या म्हणाल्या, "कांहींतरीच. तो मागें आहे." बायकोने वाद घातला नाही. माझ्याशी घालते, तिथे घातला नाही.

घर अक्कांच्या हयातीपर्यंत विकायचं नाही असं ते लिहून ठेवून गेले, आणि वरच्यांनी डबा द्यायचा हे नुसतं बोलून. गेल्या वर्षी कंपनी मला पुण्याला बदली देत होती. मी नाही म्हटलं. बायकोने कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्हां दोघांना चौकटीवरचे आकडे दिसतात.

या मेमध्ये बायकोला ताप आला आणि डबा घेऊन मला जावं लागलं. दार लोटलेलं. उंबऱ्याबाहेर डबा ठेवून वळलो तर पश्चिमेच्या भिंतीपाशी चिकूची वाळकी पानं वाऱ्याने जमलेली, चार बोटांची फट जवळजवळ बुजलेली. मी काठी घेतली, उकिडवा बसलो आणि एक एक पान ओढून काढायला लागलो.

"कोण तें?"

भिंतीपलीकडून. नऊ वर्षांत माझ्याशी पहिल्यांदाच. "मीच" हा शब्द जिभेवर आला होता, तो गिळला.

"मी. वरचा."

"इंजिनिअर काय?"

"हो."

फळ्या टिकटिक करत होत्या. मागून हवा वर जात होती.

"माझ्या भावाच्या नाकांत सिमेंट भरलेंस तो तूंच," अक्का म्हणाल्या. "डबा ठेवलास ना. आतां जा. भिंतीस हात लावूं नको."